कानातलं कानात

आमच्या गल्लीत तीन कुत्री होती. वसंत, दिनकर आणि मधुकर. ही नावं आमच्या घरमालकीणबाईंनी ठेवलेली. समोरच्या घरात पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ राहायचे, त्यांचंही नाव दिनकर. सकाळी अंगणातून "दिनकर, मेल्या, भाकरी खायला ये रे" अशी हाक गेली की ते बिचारे हातातला पेपर खाली ठेवून इकडं तिकडं बघायचे. शेवटी एक दिवस ते तक्रार घेऊन आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "मी काय करू साहेब? चांगली चांगली नावं वाया चाललीत. माणसं आपल्या पोरांना घेईनात. मग कुणाला तरी द्यायला नको?"

गृहस्थांनी चहा संपवला आणि ते घरी गेले.

या बाईंना सगळी गल्ली आत्याबाई म्हणायची. त्यांचं खरं नाव घरपट्टीच्या बिलावर असेल तेवढंच. माहेर पडेगावचं, शेतीवाडीचं. नवरा सरकारी नोकरीत होता, तो जाताना सिडकोतलं हे दुमजली घर मागं ठेवून गेला. मूलबाळ नव्हतं. खाली त्या राहायच्या, वर आम्ही भाडेकरू. माझा नवरा चितेगावला एका कंपनीत होता आणि मी कॉलेजात मराठी शिकवायचे. म्हणजे मी शिकवायचे ती मराठीच होती, हे आत्याबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही.

आता आत्याबाई का, तेही सांगते. आमच्या सिडकोत तेव्हा सगळं मिळायचं. बँक होती, बाग होती, चाट होती. फक्त आत्या मिळत नव्हती. बारशाला तर आत्या लागतेच. बाळाच्या बापाची बहीण पाळण्यापाशी वाकणार, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगणार आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालणार, ही रीत. पण नोकरीसाठी आलेल्या लोकांच्या खऱ्या आत्या कुठं पुण्याला, कुठं नागपूरला. एकीची तर अमेरिकेत होती आणि तिनं म्हणे फोनवरून कुर्रर्र करायची तयारी दाखवली होती. तेव्हा वाटीभर साखर मागावी तशी लोकं आमच्याकडं आत्या मागायला यायची. बाई नाही म्हणायच्या नाहीत. गुद्दे खायला तर त्यांना मनापासून आवडायचं. "हळू मारू नका गं, मी उसनी हाय म्हणून." असं वर म्हणायच्या.

अट एकच होती. ठरवलेलं नाव आधी गच्चीवर तपासून घ्यायचं.

तपासणी अशी की आई-बापांना घेऊन आत्याबाई गच्चीवर जायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि त्या नावानं तीनदा हाक मारायच्या. एक जेवायला बोलवल्यासारखी, एक रागावल्यासारखी. तिसरी रडत. "नाव ह्या तीनच कामाला लागतं," त्या म्हणायच्या. "बाकी शाळेत काय, नंबरानं पण भागतंय." तिसरी हाक त्या इतकी खरी मारायच्या की शेजारपाजारच्या बायका पदर खोचून बाहेर यायच्या.

एकदा विलास आणि शर्वरी असं एक जोडपं आलं. दोघांच्या नावाचे तुकडे जोडून त्यांनी मुलासाठी 'शर्विल' असं नाव तयार केलं होतं आणि चेहऱ्यावर असा भाव होता की जणू विजेचा दिवाच शोधून काढलाय. आत्याबाईंनी हाक मारली, विचार केला आणि म्हणाल्या, "दोघांचं थोडं थोडं घेतलं व्हय? चांगलंय. उद्या भांडलात तर वाटून घ्यायला सोपं." दुसऱ्या एकानं राहुल असं सरळ नाव आणलं. आम्हाला वाटलं, सुटला. पण कुणा अंकशास्त्रवाल्यानं त्याला इंग्रजीत दोन अक्षरं जास्तीची घालायला सांगितली होती, त्यानं नशीब फळफळतं म्हणे. पोर होतं काडीसारखं. आत्याबाई त्याच्या बरगड्यांकडं बघून म्हणाल्या, "कागदावरच जाड केलंत का? थोडं दूध पण घाला."

आमच्या शहराच्या नावाचं तरी काय कौतुक सांगायचं? खडकी झालं, फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. आत्याबाई मात्र "शहरात चालले" एवढंच म्हणायच्या. त्यांचं शहर म्हणजे शहागंज. प्रत्येक बारशाच्या आधी त्या तिथं जाऊन कुंचीचं कापड आणायच्या आणि बाळासाठी स्वतः कुंची शिवायच्या. एकदा मला बरोबर घेऊन गेल्या होत्या. कापडवाले चाचा त्यांना बघूनच हसले. "क्या आत्याबाई, फिर किसका बच्चा?" "गल्लीका," बाई म्हणाल्या. चाचांना नातू झाला होता. नाव विचारलं. "यूसुफ," चाचा म्हणाले. आत्याबाई वळल्या आणि भर दुकानात माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "बघ. शिक काहीतरी. हाक मारली की पोरगं दारात उभं." मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते.

ती आमची पोर लग्नानंतर आठ वर्षांनी झाली. डॉक्टर झाले, देव झाले, लोकांचे टोमणे झाले आणि मग ती झाली. आठ वर्षं वाट बघून झालेल्या पोरीचं नाव काय सुनीता ठेवायचं? मराठीत एम. ए. केल्याचा आयुष्यात एकदा तरी उपयोग व्हायला हवा होता. मी नाव ठरवलं अभिव्यंजना. नवऱ्याला अर्थ कळला नाही, म्हणून त्यानं लगेच होकार दिला. बारशाच्या पत्रिका छापल्या. नाव एका ओळीत मावेना, म्हणून छापखानेवाल्यानं ते तिरपं घातलं.

गच्चीवर आत्याबाईंनी पहिली हाक मारली. "अभि... व्यं... काय गं?" मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी नाव पूर्ण झालं, पण तोवर राग निघून गेला. तिसरी हाक त्यांनी मारलीच नाही. वसंत, दिनकर आणि मधुकर खाली रांगेत बसून वर बघत होते. "हे नाव घेऊन रडायचं म्हणजे मध्ये पाणी प्यावं लागंल," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, माझ्या पोरीच्या नावानं कुणी रडायचं नाहीये," मी ताडकन म्हणाले.

आत्याबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "बरं बाई. तुझी पोर, तुझं नाव." त्या इतक्या चटकन ऐकतात, याचाच मला संशय यायला हवा होता. सगळ्यांच्या बाबतीत त्या असंच करायच्या. गच्चीवर अब्रू घ्यायच्या आणि जिन्यावरून उतरताना "तुमच्या मर्जीनं होऊ द्या" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

बारशाच्या दिवशी घरात पन्नास बायका. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्याबाई नवं लुगडं नेसून पाळण्यापाशी वाकल्या, पदर पोरीच्या तोंडावर धरला, कुर्रर्र केलं आणि ताठ झाल्या. गुद्दे पडले, हशा झाला, घुगऱ्या वाटल्या. मी पाटावरून आत्याबाईंच्या ओठांकडं बघत होते. अहो, अभिव्यंजना म्हणायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं! मी ते महिनाभर आरशासमोर म्हणून बघितलं होतं. आत्याबाईंचे ओठ इतक्यात मिटले होते की त्यात फार तर निम्मं नाव मावलं असतं.

बायका गेल्यावर मी खाली गेले आणि सरळ विचारलं. "पोरीच्या कानात काय सांगितलंत?"

"नाव."

"कुठलं?"

"कानातलं कानात," त्या म्हणाल्या आणि घुगऱ्यांचं पातेलं घासायला घेतलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आठ वर्षं वाट बघितलेली पोर. तिला या जगात पहिल्यांदा कुठल्या नावानं हाक मारली, ते तिच्या आईलाच माहीत नाही! मी घर सोडायचं ठरवलं. नवरा म्हणाला, पाणी चोवीस तास येतं, विचार कर. मग विचार केला.

नंतर शर्विलच्या आईशी बोलले तर तिलाही हाच संशय होता. राहुलच्या आईलाही होता. राहुलच्या आईचं म्हणणं, त्या स्वतःच्या सासऱ्याचं नाव सांगत असणार, सुनेनं ते मोठ्यानं घ्यायचं नसतं म्हणून आपल्याला सांगत नाहीत. शर्विलच्या आईचं म्हणणं, कुत्र्यांच्या यादीतलं एखादं देत असतील. आम्ही तिघींनी त्यांना गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, संक्रांतीला वाण देऊन विचारलं. "कानातलं कानात." एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, हे चुकीचं आहे. आईला कळायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "तुला पत्रिकेवर छापायला मिळालं की. तिरपं का व्हईना."

अभिव्यंजनाचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकते. आजीला म्हणता येईना, ती छकुली म्हणायची. शाळेत बाईंनी अभि केलं, मग मुलांच्या रांगेत उभं केलं. घरी मी स्वतः, होय मी स्वतः, तिला चिऊ म्हणायला लागले. पूर्ण नाव फक्त मी चिडले की निघायचं आणि ते संपेपर्यंत पोरगी जिना उतरून आत्याबाईंच्या मांडीवर बसलेली असायची. शर्विलचं घरातलं नाव चिकू होतं. आख्ख्या गल्लीत ठेवलेल्या नावानं फक्त कुत्र्यांनाच हाक मारली जात होती म्हणा ना.

पोर चौथीत असताना एका दुपारी दारात जीप थांबली. पांढरा शर्ट, पन्नाशीचा माणूस, आत्याबाईंसारखंच नाक. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. आत्याबाईंना तोवर ऐकायला कमी यायला लागलं होतं, त्यामुळं त्यांच्याशी बोलणारा माणूस सगळ्या गल्लीशी बोलायचा. मला कान द्यावा लागला नाही.

"अक्का, आता तरी सही कर," तो माणूस म्हणाला. तो त्यांचा धाकटा भाऊ, पडेगावचा. "रानाला गिऱ्हाईक आलंय. तुझं नाव सातबाऱ्यावर हाय तवर विकता येत नाय. बेबीचं लगीन काढायचंय."

"कोण बेबी?"

"कोण म्हंजे? माझी पोरगी!"

"बेबी नाव ठिवलंस व्हय पोरीचं?"

"नाव तिलोत्तमा हाय. घरात बेबी म्हणतो."

"मला कुणी सांगितलंच नाय बघ," आत्याबाई म्हणाल्या. "चल गच्चीवर."

"कशाला?"

"चल तर. मग सहीचं बघू."

आणि तो पन्नाशीचा माणूस खरंच गच्चीवर गेला. सहीपायी माणूस काय काय करतो! त्याला भर उन्हात उभं करून आत्याबाई म्हणाल्या, "मार हाक पोरीला. जेवायला बोलव." त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि "तिलोत्तमा" असं पुटपुटला. "मोठ्यानं! पोर रानात हाय." त्यानं ओरडून हाक मारली. समोरचे दिनकरराव बाहेर आले. कुत्रा दिनकरही आला. तिसरी, रडायची हाक मारायची वेळ आली तेव्हा भावाचा आवाज रागानं चिरकला. "येड लागलंय तुला अक्का!" म्हणून तो धाडधाड जिना उतरला आणि जीप घेऊन निघून गेला.

"नाव जमत नाय," आत्याबाई मला म्हणाल्या. मग पायरीवर बसल्या.

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. हा त्यांचा एकुलता भाऊ. त्याला पहिली मुलगी झाली, तेव्हा यांना काय आनंद! स्वतःला मूल नाही, पण आत्या तरी झाले. शहागंजहून कापड आणून कुंची शिवली, महिनाभर विचार करून नाव काढलं आणि बारशाला पडेगावला गेल्या. पाळण्यापाशी पाट मांडलेला. त्यावर भावानं हक्कसोडीचा कागद ठेवलेला. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, तो कागद. म्हणाला, अक्का, आधी सही, मग नाव.

"मी सही करणारच होते गं," आत्याबाई म्हणाल्या. "रान काय डोक्यावर घेऊन जायचं होतं मला? आदल्या दिशी मागितली असती तर करून दिली असती. दुसऱ्या दिशी मागितली असती, तरी दिली असती. पण पाळण्यापाशी? सही केली तर आत्या, नाय तर कोण? मी तशीच उठले. कुंची काखंत, आन् चालत शहरात आले. पोरीचं तोंडसुद्धा बघितलं नाय." मग त्या म्हणाल्या, "त्याला माझं नाव काढायचं होतं, आन् मला त्याच्या पोरीचं ठिवायचं होतं. दोघांचं पण ऱ्हायलं."

"काय नाव ठेवणार होता तुम्ही?"

"आता सांगून काय करू?" म्हणून त्या उठल्या आणि कुत्र्यांना भाकरी घालायला गेल्या.

मला त्या भावाचा असा संताप आला होता की काय सांगू. सख्ख्या बहिणीचा आत्याचा मान या माणसानं कागदाखाली ठेवला आणि त्यापायी ही बाई वीस-बावीस वर्षं लोकांच्या पाळण्यांवर वाकत फिरली. आम्ही सगळे समजत होतो की आपण तिला मान देतो. पत्रिकेवर तिचं नाव न छापता!

पुढं काही दिवसांनी एका रविवारी मी खाली डाळ निवडत बसले होते. दारात एक मुलगी आली. बाहेर लूना उभी, केस वाऱ्यानं विस्कटलेले, तेच नाक.

"मी बेबी," ती म्हणाली. "पडेगावची."

आत्याबाईंना ऐकू गेलं नाही असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. त्यांच्या हातातलं सूप खाली आलं.

"बापानं धाडलं का?" त्यांनी विचारलं. "सहीला?"

"बाबांना माहीतच नाय मी आले ते. ते घरी येऊन लई चिडले, म्हणले, अक्काला येड लागलंय, मला गच्चीवर नेऊन हाका मारायला लावल्या. मग आईनं मला सगळं सांगितलं. तोवर मला कुणी काय सांगितलंच नव्हतं." मुलगी चपला काढून आत आली आणि आत्याबाईंच्या पुढ्यात फरशीवर बसली. तिनं केस मागं सारले आणि कान पुढं केला. "माझ्या कानात सांगायचं ऱ्हायलंय नव्हं तुमचं? सांगा आता."

आत्याबाईंनी सूप बाजूला सारलं. दोन्ही हात लुगड्याला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाळणा नाय गं."

"मी मावायची नाय त्यात, आत्या."

आत्याबाई वाकल्या. पदर मुलीच्या तोंडावर धरला. कुर्रर्र केलं. आणि नाव सांगितलं. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही, म्हणून मला ते स्वच्छ ऐकू आलं, बहुधा समोर दिनकररावांनाही.

"मंगल."

मंगल. बस. तीन अक्षरं. मुलगी पदराखाली रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र एकदम उजेड पडला. इतक्यात मिटलेले ओठ, निम्म्या वेळात संपलेलं नाव. मी डाळ बाजूला सारली.

"आत्याबाई! आमच्या पोरीच्या कानात काय सांगितलं होतंत?"

त्यांनी डोळे पुसले. "तेच."

"शर्विलच्या?"

"तेच."

"अहो, तो मुलगा आहे!"

"कानात काय पोरगा-पोरगी असतंय व्हय?"

"आणि राहुलच्या? आणि त्या कोपऱ्यावरच्या जुळ्यांच्या?"

"दोघांच्या बी तेच," आत्याबाई म्हणाल्या. "कुत्र्यांला काय, किती बी नावं सुचतात. पाळण्याचं एकच होतं गं माझ्यापाशी. वाया चाललं होतं. मग कुठंतरी ठिवायला नको?"

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं आणि रागानंही आलं. नऊ वर्षं मी ज्या नावासाठी तळमळले, ते गल्लीतल्या यच्चयावत पोरांना मिळालेलं, पुन्हा मूळ धनीण वेगळीच. मी काही बोलणार, तेवढ्यात आत्याबाईंनी मान वर केली. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा चढला होता.

"बघत काय बसलीस, प्रोफेसरीणबाई? नाव ठिवलंय मी. पाठीत गुद्दा कोण घालणार?"

मी उठले, मूठ आवळली आणि रीतीप्रमाणं त्यांच्या पाठीत गुद्दा घातला.

"हळू मारू नको," त्या म्हणाल्या. "आज मी उसनी नाय."

मग मी दुसरा जोरात घातला.